मुंबईच्या संगणक-इतिहासाची पायी फेरी : मार्ग, थांबे आणि काय सांगावे

मूळ लेख – काळाघोडा

फोर्टमधल्या इमारती, गिरण्या, इराणी हॉटेले अशा विषयांवर मुंबईत वारसा-फेऱ्या नियमाने निघतात. याच फोर्ट-कुलाबा भागात भारतीय संगणनाचा फार मोलाचा इतिहास घडला आहे. गेले काही दिवस मी ओळखीच्या आणि त्यांच्या ओळखीच्या मंडळींना घेऊन त्या इतिहासाची पायी फेरी काढत आहे. आता तिची टिपणे नीट तयार करावीत, म्हणजे इतरांनाही ती घेता येईल, असा विचार आहे. त्यासाठी सध्याचा मार्ग येथे मांडतो. सूचना अवश्य कराव्यात, विशेषतः ज्यांनी त्या काळात या भागातल्या कचेऱ्यांमध्ये प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी.

सुरुवात गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीसमोर होते. आज ती अणुऊर्जा विभागाकडे आहे, त्यामुळे बाहेर पदपथावर उभे राहूनच बोलावे लागते. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली ती बंगळूरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या बंगल्यात आली. १९४९ मध्ये ती या यॉट क्लबच्या इमारतीत हलली. रंगस्वामी नरसिंहन अमेरिकेतून गणितातली डॉक्टरेट घेऊन १९५४ मध्ये संस्थेत दाखल झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या गटाने अंकीय संगणक बांधायला घेतला. १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालू झाले, १९५९ मध्ये पूर्ण आकाराच्या यंत्राची जुळणी संपली आणि १९६० पासून ते कामाला लागले. पुढे १५ जानेवारी १९६२ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते संस्थेच्या कुलाब्यातील नव्या वास्तूचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यांनी या यंत्राचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याआधी इंग्लंडहून आणलेले यंत्र बसले होते, हे मी आवर्जून सांगतो. मात्र भारतात आखून भारतातच बांधलेला पहिला मोठा संगणक मुंबईचा.

या थांब्यावर मी सर्वांत जास्त वेळ देतो. टिफ्रॅकचा मुख्य सांगाडा अठरा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आठ फूट उंच होता. अठरा फूट म्हणजे किती, हे डोळ्यांना कळावे म्हणून मी पदपथावर खडूने रेघ मारतो आणि मंडळींना तिच्या कडेने उभे करतो. त्यात २,७०० निर्वात नळ्या (व्हॅक्यूम ट्यूब), १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. एवढ्या नळ्या तापत असताना त्यांतली कोणती गेली हे शोधणे हे रोजचे काम असे, आणि म्हणूनच सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना उघडणारी दारे ठेवलेली होती. यंत्राची स्मृती फेराइटच्या, म्हणजे लोहयुक्त चुंबकीय पदार्थाच्या, कड्यांची होती. जुन्या बाजारात मिळालेली अशा स्मृतीची एक लहान चौकट मी बरोबर नेतो. भिंगातून पाहिले की मोहरीएवढ्या कड्या आणि प्रत्येकीतून आडव्या-उभ्या ओवलेल्या तारा दिसतात. एका तारेतला विद्युतप्रवाह कडीचे चुंबकत्व उलटवायला पुरत नाही. दोन तारांतून एकाच वेळी प्रवाह सोडला तर जेथे त्या एकमेकींना छेदतात तेवढीच कडी उलटते, आणि अशा रीतीने हजारो कड्यांमधून नेमकी एक निवडता येते. कडी वाचली की तिच्यातला अंक (० किंवा १) पुसला जातो, म्हणून तो लगेच पुन्हा लिहावा लागतो. टिफ्रॅकमध्ये एका संख्येला चाळीस अंकस्थाने होती, म्हणजे एका संख्येसाठी अशा चाळीस कड्या. हे समजले की पुढचा सगळा मार्ग लोक वेगळ्या नजरेने पाहतात, असा माझा अनुभव आहे.

तेथून चालत होमी मोदी मार्गावरच्या बॉम्बे हाउस या टाटा समूहाच्या मुख्यालयासमोर येतो. टाटा सन्सचा एक विभाग म्हणून १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. भाड्याने घेतलेले आयबीएम १४०१ संगणक आणि छिद्रे पाडलेल्या पंच कार्डांवर चालणारी हिशेबाची कामे, असे तिचे आरंभीचे स्वरूप होते. टाटांच्या वीज कंपनीतून आलेले फकीरचंद कोहली यांनी १९६९ पासून तिची सूत्रे सांभाळली. त्यापूर्वी वीजजाळ्याच्या आकडेमोडीसाठी त्यांनी मूलभूत संशोधन संस्थेतला सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक वापरला होता. हा संगणक १९६४ मध्ये कुलाब्याला आला आणि देशभरातले संशोधक त्यावर आपली गणिते सोडवून नेत असत. त्या मानाने टिफ्रॅकचा सेवाकाळ अल्प ठरला. पण टिफ्रॅक बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या माणसांमुळेच नवे यंत्र पेलण्याची तयारी संस्थेत होती.

पुढे दलाल स्ट्रीट. मुंबई शेअर बाजारात १४ मार्च १९९५ रोजी ‘बोल्ट’ ही पडद्यावरची व्यवहारपद्धती सुरू झाली आणि रिंगणातली आरडाओरड, हातवाऱ्यांनी होणारे सौदे हे सारे संपले. आदल्या वर्षी वरळीहून काम करणाऱ्या राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाच्या साहाय्याने पडद्यावर व्यवहार सुरू केले होते, त्या स्पर्धेचा हा थेट परिणाम होता. मग हुतात्मा चौक, विदेश संचार भवन, ओव्हल ओलांडून नरिमन पॉइंट. अंतर चार किलोमीटरच्या आत आहे. रविवारी फोर्ट मोकळा असतो, त्यामुळे बोलणे ऐकू येते.

विदेश संचार भवनासमोर, म्हणजे विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीच्या इमारतीसमोर, मी १५ ऑगस्ट १९९५ ची, म्हणजे देशात इंटरनेट आल्याची, गोष्ट सांगतो, परंतु सुरुवात बरीच मागून करतो. मुंबईहून समुद्राखालची तार १८७० मध्ये एडन आणि सुएझमार्गे इंग्लंडला जोडली गेली. १९२७ मध्ये बिनतारी सेवा सुरू झाली तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. मुंबईच्या या रस्त्याचा जगाशी असलेला तारांचा संबंध संगणकापेक्षा कितीतरी जुना आहे, आणि इंटरनेट त्याच वाटेवरून आले.

काय वगळावे, काय वाढवावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद – छिद्रिका

काळाघोडा, आपला लेख मनापासून आवडला. मी सत्तरच्या दशकात फोर्टमधल्या एका कंपनीच्या कचेरीत पंच ऑपरेटर होते, म्हणून थोडे लिहिते. आपल्या मार्गात संगणक बांधणारे आहेत, आणणारे आहेत, पण त्यांना दिवसभर खाद्य पुरवणाऱ्या मुली कोठेच दिसत नाहीत. आमच्या विभागात बहुतेक सगळ्या मुलीच होत्या. गिरगाव, दादर, डोंबिवली येथून लोकलने येणाऱ्या, टायपिंगची परीक्षा झालेल्या.

कार्डावर ऐंशी स्तंभ असत आणि एका स्तंभात एक अक्षर किंवा अंक. एक मुलगी कार्डे पाडत असे आणि दुसरी तोच मजकूर पडताळणी यंत्रावर पुन्हा टंकत असे. दोघींचे जुळले नाही तर यंत्र अडे आणि ते कार्ड बाजूला काढून नव्याने पाडावे लागे. फॉरट्रान या संगणकभाषेतला मजकूर सातव्यापासून बहात्तराव्या स्तंभापर्यंत लिहायचा आणि शेवटचे आठ स्तंभ क्रमांकासाठी राखायचे. ज्यांनी क्रमांक घातलेले नसत ते गठ्ठ्याच्या माथ्यावर पेन्सिलने तिरपी रेघ ओढून ठेवत, म्हणजे गठ्ठा हातातून पडून विस्कटला तरी रेघ जुळवून कार्डे ओळीत लावता येत. पगारपत्रकाच्या आठवड्यात आम्हाला मान वर करायला सवड नसे. पगार वेळेवर झाला की त्याचे श्रेय संगणकाला मिळे.

माझी विनंती एवढीच की बॉम्बे हाउसच्या थांब्यावर एक खरे पंच कार्ड प्रत्येकाच्या हातात द्यावे आणि त्यावरचे आपले नाव वाचायला सांगावे. छिद्रांची रीत सोपी आहे. वरच्या तीन ओळींपैकी एकीत एक छिद्र आणि खालच्या अंकांच्या ओळींत एक छिद्र मिळून एक अक्षर होते. लहान मुलेही दहा मिनिटांत वाचू लागतात.

प्रतिसाद – शाखाधिकारी

छिद्रिकाताई, आपले वर्णन वाचून आमच्या बँकेच्या मुख्य कचेरीतला पंच विभाग डोळ्यांसमोर उभा राहिला.

काळाघोडा, आपण दलाल स्ट्रीटवर थांबता आणि रिझर्व्ह बँक वगळता, हे मला पटत नाही. ती तेथून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे प्रत्येकाला खिशातला धनादेश काढायला सांगा. तळाच्या पांढऱ्या पट्ट्यावर विचित्र आकाराचे अंक असतात, ते लोहकण मिसळलेल्या शाईने छापलेले असतात. यंत्र त्यांना आधी चुंबकित करते आणि प्रत्येक आकारातून उमटणाऱ्या संकेतावरून अंक ओळखते. वर शिक्का बसला किंवा सही उतरली तरी वाचनात अडचण येत नाही. त्यातल्या नऊ अंकी संकेताचे पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचा आरंभ ४०० ने होतो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत ही पद्धत आली, त्याआधी शहरभरातले धनादेश माणसे हातांनी निवडत आणि बेरजा जुळेपर्यंत कोणी उठत नसे. आता धनादेशाऐवजी त्याचे चित्र फिरते, मुंबईत २०१३ पासून, परंतु तळाची ती ओळ अजून आहे. इतिहासाचा हा तुकडा फेरीतल्या प्रत्येकाच्या खिशात असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संगणकाला झालेला विरोध आपल्या मार्गात नाही. आयुर्विमा महामंडळातल्या कर्मचाऱ्यांनी साठच्या दशकात त्याविरुद्ध मोठे लढे दिले. केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर होते आणि १९७२ मध्ये तिचा अहवाल आला. बँकांत १९८३ मध्ये संघटनांशी करार झाला, रिझर्व्ह बँकेने सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यानंतर शाखांमध्ये खतावणी नोंदवणारी यंत्रे आली. ती एकमेकांना जोडलेली नव्हती. दिवसाच्या शेवटी किर्द छापून हाताच्या बेरजेशी ताडून पाहावी लागे, म्हणजे काही वर्षे आम्ही दोन्ही कामे केली. मी संघटनेचा सभासद होतो. विरोध करणारे लोक अडाणी होते, असे आज सर्रास बोलले जाते ते मला मान्य नाही. कोणाची नोकरी जाणार, बदली कोठे होणार, शिकवणार कोण, हे प्रश्न रास्त होते आणि करारांमुळे त्यांतल्या काहींची उत्तरे मिळाली. फेरीत हे आलेच पाहिजे.

प्रतिसाद – परखड

लेख चांगला आहे, परंतु दोन आक्षेप नोंदवतो.

पहिला असा की बॉम्बे हाउस आणि नरिमन पॉइंट मिळून फेरीचा उत्तरार्ध एका उद्योगसमूहाच्या, म्हणजे टाटांच्या, गौरवाकडे झुकण्याचा धोका आहे. त्या काळात शहरातल्या संगणकांवर खरे वर्चस्व आयबीएमचे होते. एस्सो या तेल कंपनीने साठच्या दशकाच्या आरंभी मुंबईत आयबीएम १४०१ बसवला, आणि व्यापारी कामासाठी भारतात आलेल्या पहिल्या संगणकांत तो मोडतो. आयबीएम परदेशात वापरून झालेली यंत्रे आणून मुंबईत त्यांची डागडुजी करी आणि भाड्याने देई. यंत्र विकत मिळत नसे. परकीय चलनाच्या १९७३ च्या कायद्यानंतर भारतीय भागीदारीची अट आली आणि १९७८ मध्ये कंपनी देश सोडून गेली. टिफ्रॅकनंतर आपण स्वतः यंत्रे का बांधत राहिलो नाही, हा प्रश्न वाटाड्याने विचारला नाही तर फेरी यशोगाथांची माळ होईल.

दुसरा आक्षेप इंटरनेटचा. देशात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले, हे वाक्य ग्राहकांपुरते खरे आहे. संशोधन संस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’चे काम ऐंशीच्या दशकातच सुरू झाले होते आणि परदेशाशी त्याचा दुवा जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून होता. श्रीनिवासन रमणी त्या केंद्राचे संचालक होते. संकेतस्थळांच्या पत्त्याअखेर येणारे भारताचे ‘.इन’ हे क्षेत्रनाम १९८९ मध्ये याच केंद्राच्या हाती सोपवले गेले. कळफलकाची आणि पडद्यावरच्या देवनागरीची गोष्ट सांगायची तरी जुहूलाच जावे लागते, कारण सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी आयआयटी पवईनंतर तेथे काम करत होते आणि विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक (फाँट) त्यांनीच आखला. मराठी माणसाला संगणकावर मराठी वाचायला मिळाली, त्यात या माणसाचा वाटा किती मोठा आहे, हे सांगायला फेरीत जागा हवी.

आणि लॅमिंग्टन रोड कोठे आहे? नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत जो संगणक आला तो मोठ्या कंपन्यांच्या दुकानांतून कमी आणि तेथल्या गाळ्यांतून अधिक आला.

प्रतिसाद – इर्वेलकाठी

मी मँचेस्टरला राहतो, तेथे या गोष्टी कशा जपल्या आहेत ते सांगतो, म्हणजे कदाचित उपयोग होईल. स्मृतीत साठवलेली आज्ञावली चालवणारे पहिले इलेक्ट्रॉनिक यंत्र २१ जून १९४८ रोजी येथल्या विद्यापीठात चालले. फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी ते बांधले. २ च्या अठराव्या घाताचा, म्हणजे २,६२,१४४ या संख्येचा, तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधायला त्याने ५२ मिनिटे घेतली. उत्तर आधीच ठाऊक होते. यंत्र इतका वेळ न अडता चालते का, हे पाहायचे होते. मूळ यंत्र राहिले नाही. पन्नासाव्या वर्षी, १९९८ मध्ये, त्याची चालती प्रतिकृती उभारली गेली आणि ती आता विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात आहे. तेथे स्वयंसेवक उभे राहून यंत्र चालवून दाखवतात, त्यात निवृत्त अभियंते असतात, आणि प्रश्न विचारला की ते कपाटाकडे नेऊन नेमकी नळी दाखवतात. ज्या जागी मूळ काम झाले तेथे रस्त्यावर फलक आहे, आणि सॅकव्हिल उद्यानात बाकावर बसलेल्या ॲलन ट्युरिंग यांचा पुतळा आहे.

हे सगळे पाहून मला असे वाटते की मुंबईत सर्वांत आधी यॉट क्लबच्या परिसरात आणि कुलाब्यात नेव्ही नगरला असलेल्या संशोधन संस्थेच्या वास्तूबाहेर एकेक फलक असावा, त्यावर टिफ्रॅकची वर्षे आणि गटाचा उल्लेख असावा, आणि तो मराठीतही असावा. छिद्रिकाताई आणि शाखाधिकारी यांच्यासारखी माणसे फेरीत स्वतः बोलली तर ते कोणत्याही प्रतिकृतीपेक्षा मोठे ठरेल.

प्रतिसाद – नवखी

मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि टिफ्रॅक हे नाव प्रथमच ऐकते आहे. आमच्या अभ्यासक्रमात फेराइट स्मृतीचा एका ओळीत उल्लेख होता, तिची रीत मला आज या धाग्यामुळे समजली. माझा प्रश्न विदेश संचार भवनाच्या थांब्याविषयी आहे. १९९५ मध्ये सामान्य माणसाला तेथून नेमके काय मिळत असे?

प्रतिसाद – काळाघोडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकेक मुद्दा घेतो.

नवखी, त्या वेळी घरच्या दूरध्वनीला मोडेम जोडून विदेश संचार निगमचा क्रमांक फिरवावा लागे. खाते दोन प्रकारचे असे. स्वस्त खात्यात फक्त मजकूर दिसे, आज्ञा टंकून पत्रे वाचायची आणि पाठवायची. विद्यार्थ्यांसाठी त्याचा दर कमी ठेवलेला होता. चित्रांसह पाने दाखवणारे खाते वैयक्तिक वापरासाठी वर्षाला १५,००० रुपयांच्या घरात होते आणि त्यात २५० तास मिळत. जोडणी लागायची आणि तुटायची, आणि तितका वेळ घरचा दूरध्वनी अडकलेला राही. मी फेरीत मोडेमच्या आवाजाची ध्वनिफीत ऐकवतो. तो आवाज म्हणजे दोन्ही टोकांची यंत्रे कोणत्या गतीने बोलायचे हे आपसात ठरवत असतात, हे सांगितले की तरुण मंडळी पुन्हा ऐकायला मागतात.

परखड, आपला पहिला आक्षेप मी मार्गातच सामावून घेतो. बॉम्बे हाउससमोर आता आयबीएमची भाड्याची पद्धत आणि १९७८ हे दोन्ही येईल. टिफ्रॅकनंतर काय झाले, याचे माझे उत्तर असे आहे की नळ्यांचा काळ आपण यंत्र पुरे करेपर्यंतच सरला होता. जगात ट्रान्झिस्टर आले होते, सुट्या भागांचा उद्योग आपल्याकडे नव्हता, आणि संशोधकांना तातडीने मोठी गणनशक्ती हवी होती, ती सीडीसी ३६०० ने दिली. तरीही त्या गटाने कमावलेले कौशल्य कारखान्यापर्यंत पोहोचायला हवे होते आणि ते पुरेसे पोहोचले नाही, याची मला खंत आहे. ती मी फेरीत बोलून दाखवीन.

जुहू पायी फेरीत बसत नाही, परंतु रघुनाथ कृष्ण जोशी यांच्याविषयी आणि अर्नेटविषयी विदेश संचार भवनासमोरच सांगता येईल. तेथे ‘मंगल’मधली काही अक्षरे मोठी छापून नेतो, जोडाक्षरांत आणि मात्रांत काय अडचणी येतात, हे कागदावर चटकन दाखवता येते. लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, याची स्वतंत्र फेरी करू. ती कामाच्या दिवशी दुपारी हवी, कारण गाळे उघडे असल्याशिवाय तेथे पाहण्यासारखे थोडेच उरते. तेथे रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांपासून जुळणी केलेल्या संगणकांपर्यंतचा क्रम दुकानदारांच्याच तोंडून ऐकावा, अशी माझी इच्छा आहे.

शाखाधिकारी साहेब, रिझर्व्ह बँकेचा थांबा पक्का झाला. धनादेशाची गोष्ट आणि संघटनांची बाजू आपणच मांडावी, अशी आग्रहाची विनंती आहे. दांडेकर समितीचा उल्लेख मी टिपणांत घेतला आहे. छिद्रिकाताई, कोरी कार्डे माझ्याकडे आहेत. छिद्रांचा तक्ता आपण तयार करून दिलात तर तो सर्वांना वाटता येईल. चालणे जमत नसेल तर आपण थेट बॉम्बे हाउसपाशी यावे, आम्ही तेथे साधारण दीड तासाने पोहोचतो.

फलकाचा अर्ज मराठीत आणि इंग्रजीत मी लिहायला घेतो आणि येथेच वाचायला टाकतो. नेव्ही नगरचा थांबा पायी मार्गापासून दूर पडतो, म्हणून फेरी गेटवेपासूनच सुरू होईल; ज्यांना कुलाब्याची वास्तू बाहेरून पाहायची आहे त्यांनी सकाळी लवकर येऊन बसने जाऊन यावे आणि मग गटाला मिळावे.

प्रतिसाद – छिद्रिका

तक्ता या आठवड्यात करून पाठवते. चालणे अजून जमते, त्यामुळे मी गेटवेपासूनच येईन. तिरपी रेघ दाखवण्यासाठी मला निदान शंभर कार्डांचा एक गठ्ठा लागेल, तेवढी कार्डे वेगळी ठेवावीत.